कागदाचे पाणी आणि दोघांचा खेळ : मिशेल गोंद्री यांचा कोणता चित्रपट निवडावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल गोंद्री यांचा ‘इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड’ पाहून आपण भारावून गेलात. त्यानंतर त्यांचे आणखी दोन चित्रपट पाहिले, पण ते आपल्याला विस्कळीत वाटले. मित्रमंडळी म्हणतात की त्यांचा खरा चित्रपट तो एकच, बाकी सगळी हातचलाखी. तेव्हा नेपथ्य आणि कलादिग्दर्शनाच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाने त्यांचा कोणता चित्रपट निवडावा आणि तो कोणत्या निकषावर, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर आधी देतो आणि मग कारणे मांडतो. मी २००६ सालचा ‘द सायन्स ऑफ स्लीप’ निवडतो. हा निर्णय मी एका बैठकीत घेतलेला नाही. पहिली काही वर्षे मीही आपल्याप्रमाणेच ‘इटर्नल सनशाइन’ला पहिले स्थान देत होतो, आणि आजही तो चित्रपट मला किंचितही कमी वाटत नाही, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करणे योग्य ठरेल.

‘इटर्नल सनशाइन’ २००४ साली प्रदर्शित झाला. पटकथा चार्ली कॉफमन यांची असली तरी मूळ कल्पना गोंद्री यांचे कलावंत मित्र पिएर बिस्मुथ यांची होती: ‘अमुक व्यक्तीने तुम्हाला आपल्या स्मरणातून पुसून टाकले आहे’ असे सांगणारे कार्ड एखाद्याच्या हाती पडले तर काय होईल? सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर या तिघांना मिळून मिळाले. नायक जोएल (जिम कॅरी) याच्या डोक्यातल्या त्याच्या प्रेयसीच्या, क्लेमेंटाइनच्या, आठवणी एका रात्रीत पुसल्या जात आहेत आणि त्या पुसल्या जात असताना तो त्यांच्या आतूनच पळत आहे, एवढीच कथा आहे. पुस्तकांच्या दुकानात पुस्तकांवरची अक्षरे नाहीशी होत जातात. जोएल त्या दुकानातून चालत निघतो, त्याच्या मागचे दिवे एकामागून एक मालवत जातात आणि तो थेट मित्राच्या घरातल्या दिवाणखान्यात येऊन उभा राहतो. यातले बरेचसे काम संगणकावर सोपवलेले नाही. ते सेटवर, कॅमेऱ्यासमोर, दिवे बंद-चालू करून आणि नटाला पळवून साधलेले आहे. एका प्रसंगात जोएल डॉक्टरांच्या खोलीत स्वतःलाच बसलेले पाहतो. तिथे जिम कॅरी यांना कॅमेऱ्याच्या मागून धावत जाऊन, वेशातला फरक करून, त्याच शॉटमध्ये दुसऱ्या जागी पोहोचावे लागले होते. रंगभूमीवर काम केलेल्या कोणालाही ही धावपळ ओळखीची वाटेल. विंगेतून विंगेत अंधारात पळणारा आणि दुसऱ्या प्रवेशात वेगळा अंगरखा घालून शांतपणे उभा राहणारा नट आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

त्या चित्रपटातला स्वयंपाकघराचा प्रसंग मात्र जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण गोंद्री यांच्या पद्धतीचे मर्म त्यात आहे. आठवणी पुसणाऱ्यांपासून लपण्यासाठी जोएल बालपणात शिरतो आणि चार वर्षांचा मुलगा होऊन टेबलाखाली बसतो. शरीर प्रौढ जिम कॅरी यांचेच, पण आकार लहान मुलाचा. हे ज्या तंत्राने साधले आहे त्याला आमच्याकडे सरळ ‘फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह’ असेच म्हणतात. माणूस दुप्पट अंतरावर उभा केला की निम्मा दिसतो. त्याच्याजवळच्या वस्तू दुप्पट मोठ्या बांधल्या की त्या नेहमीच्या आकाराच्या दिसतात. आणि कॅमेऱ्याला एकच डोळा असल्यामुळे पुढची बाई आणि मागचा माणूस एकाच खोलीत आहेत असा त्याचा समज होतो. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात पुढचे आणि मागचे दोन्ही फोकसमध्ये राहावेत म्हणून लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, बरेच बंद करावे लागते, ते बंद केले की प्रकाश कमी पडतो, प्रकाश वाढवला की सावल्या जागा चुकवतात, आणि कॅमेरा बाजूला जरा सरकला की जवळची वस्तू जास्त व लांबची कमी हलते आणि सारे बिंग फुटते.

मी बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांच्या एका चित्रपटासाठी अशीच खोली उभारली होती. भिंती जुळल्या, रंग जुळला, खिडकीतला प्रकाशही जुळला. पण फरशीच्या सांध्यांच्या रेषा पुढच्या भागातून मागच्या भागात अखंड जाव्या लागतात, त्या एकाच बिंदूवरून जुळत होत्या. चित्रीकरणाच्या वेळी ट्रॉली वीतभर पुढे गेली आणि जमिनीच्या मधोमध ती रेष तुटली. तो शॉट आम्हाला सोडून द्यावा लागला. त्यामुळे स्वयंपाकघराचा तो प्रसंग पाहताना मला जिम कॅरी यांच्या आधी जमीन दिसते, आणि ती जमीन ज्यांनी बांधली त्या सुतारांबद्दल मनात आदर दाटून येतो. शिवाय इथली युक्ती दाखवण्यासाठी केलेली नाही. आईचे लक्ष आपल्याकडे नाही म्हणून रडवेला झालेला मुलगा ज्या उंचीवरून जग पाहतो ती उंची प्रेक्षकाला मिळावी, यासाठी ती आहे. युक्ती काढून घेतली तर प्रसंगाचा प्राणच जाईल.

निवडीचा माझा पहिला निकष इथूनच येतो. कल्पक दृश्ये रचणाऱ्या दिग्दर्शकाचा चित्रपट पाहताना मी मनातल्या मनात एकेक करामत काढून टाकतो आणि पात्राचे काय नुकसान होते ते पाहतो. काहीच नुकसान होत नसेल तर ती करामत कितीही देखणी असली तरी सजावटीतच जमा होते. ‘इटर्नल सनशाइन’ या कसोटीला जवळजवळ पूर्ण उतरतो. मग मी त्याच्यावर का थांबलो नाही?

त्याचे कारण समजण्यासाठी गोंद्री कोणत्या घरातून आले ते पाहावे लागते. त्यांचा जन्म १९६३ साली व्हर्साय इथे झाला. त्यांचे आजोबा कॉन्स्तां मार्तां यांनी १९४७ मध्ये क्लाविओलिन नावाचे इलेक्ट्रॉनिक वाद्य तयार केले. हे नाव आपल्याला नवे वाटले तरी त्याचा आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलेले आहात. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतात जी बीन वाजते, जिच्यावर वैजयंतीमाला डोलते, ती गारुड्याची बीन नाही. पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी म्हणून प्रसिद्ध झालेल्या कलाकाराने क्लाविओलिनवर वाजवलेले ते स्वर आहेत. पट्ट्या दाबल्या की बीन वाजते, आणि तिने सारा देश डोलवला. एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूचे काम करून घेण्याचा हा वारसा नातवापर्यंत पोहोचला, असे मला मनापासून वाटते.

नातू आधी ‘उई उई’ नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवत असे आणि त्या बँडचे व्हिडिओही तोच बनवत असे. ते पाहून आइसलँडची गायिका ब्योर्क हिने त्याला बोलावले आणि १९९३ पासून म्युझिक व्हिडिओंची ती विलक्षण मालिका सुरू झाली. त्यांतला ‘केमिकल ब्रदर्स’ या जोडीच्या ‘स्टार गिटार’चा २००२ सालचा व्हिडिओ मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. आगगाडीच्या खिडकीतून खांब, पूल, कोठारे, दुसरी गाडी असे साधे दृश्य सरकत राहते, आणि अर्ध्या मिनिटाने लक्षात येते की प्रत्येक खांब ढोलाच्या ठोक्यावर येतो आहे. ‘डाफ्ट पंक’ या जोडीच्या १९९७ च्या ‘अराउंड द वर्ल्ड’मध्ये नर्तकांचा प्रत्येक गट एकेक वाद्य झालेला आहे: सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ताल. दोन्हींत कानाला ऐकू येणारी रचना डोळ्यासमोर मांडून ठेवलेली आहे आणि ती कशी मांडली हे लपवलेले नाही. गोंद्री यांचा स्वभाव हाच आहे. ‘इटर्नल सनशाइन’मध्ये कॉफमन यांच्या घट्ट पटकथेने त्यांच्या हाताला शिस्त लावली आणि त्याचा लाभ झाला, परंतु तिथे हात लपलेला आहे. ‘द सायन्स ऑफ स्लीप’ची पटकथा त्यांची स्वतःची आहे आणि तिथे हात उघडा दिसतो.

कथा साधी आहे. स्टेफान नावाचा तरुण वडिलांच्या मृत्यूनंतर मेक्सिकोहून आईकडे, पॅरिसला येतो. आईने त्याला कल्पक काम मिळेल असे सांगितलेले असते, पण प्रत्यक्षात कॅलेंडर छापणाऱ्या एका कार्यालयात मजकूर चिकटवण्याचे कंटाळवाणे काम वाट्याला येते. त्याने स्वतः एक कॅलेंडर केलेले असते, ज्यात प्रत्येक महिन्याला एक भीषण दुर्घटना रंगवलेली आहे. शेजारच्या घरात स्टेफनी राहायला येते. ती कापडाच्या वस्तू शिवते. त्याला झोप आणि जाग यांतला फरक नीट कळत नाही. गाएल गार्सिया बर्नाल आणि शार्लोत गेन्सबूर यांनी या भूमिका केल्या आहेत, आणि दोघे फ्रेंच, इंग्रजी व स्पॅनिश यांच्यामध्ये अडखळत बोलतात, कारण एकमेकांची भाषा दोघांनाही पुरती येत नाही.

स्टेफानच्या डोक्यात एक टीव्ही स्टुडिओ आहे. त्याचे कॅमेरे पुठ्ठ्याचे आहेत आणि भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेले आहेत. ही निवड उगाच केलेली नाही. घरगुती ध्वनिमुद्रण करणाऱ्या पोरांनी आवाज घुमू नये म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणे ही जगभरची रीत आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत पण स्टुडिओ हवा आहे, अशा मुलाची ती खोली आहे. स्वप्नातले शहर पुठ्ठ्याचे आहे, मोटारी पुठ्ठ्याच्या आहेत, आणि पाणी सेलोफेनचे, म्हणजे चकाकणाऱ्या पारदर्शक कागदाचे, आहे.

आता त्या पाण्याविषयी. आपण स्टेफनीच्या खोलीतला प्रसंग पुन्हा पाहावा. तिने कापडाची एक नाव केली आहे, जिच्यात जंगल वाढले आहे. दोघे मिळून तिच्यासाठी एक छोटी फिल्म रचायला लागतात. ढग हवेत म्हणून कापूस उधळला जातो, आणि पियानोवर नेमका स्वर लागताच तो कापूस खाली न पडता हवेत तरंगत राहतो. मग समुद्र हवा म्हणून नळ सोडला जातो आणि तोटीतून पाण्याऐवजी चुरगळलेला, चकाकणारा सेलोफेन वाहू लागतो. इथे कोणी झोपलेले नाही. पडद्यावर कसलीही धूसर कड नाही, संगीत बदललेले नाही, ‘हे स्वप्न आहे’ असे सांगणारी एकही खूण दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. आणि मुख्य म्हणजे ते पाणी दोघांनाही दिसते.

या कागदाला आमच्या नाटकाच्या जगात जिलेटिन म्हणतात. दिव्यांपुढे लावायचा रंगीत कागद म्हणून तो प्रत्येक ट्रंकेत सापडे. मी एकदा कार्यशाळेत विद्यार्थ्यांबरोबर तसे पाणी करून पाहिले. सेकंदाला चोवीस चौकटी असतात. प्रत्येक स्थिती दोन चौकटी टिकवली तरी सेकंदाला बारा वेळा कागद हलवावा लागतो, म्हणजे पाच सेकंदांच्या पाण्यासाठी साठ वेळा. पहिल्या तासात आम्ही कागद फार सांभाळून हलवला आणि पाणी काचेसारखे गोठलेले दिसले. मग एका मुलीने तो प्रत्येक वेळी मुठीत पुन्हा चुरगळायला सुरुवात केली. चुरगळण्याने घड्यांचे कोन बदलतात, त्यामुळे दिव्याची तिरीप दर चौकटीत वेगळ्या जागी चमकते, आणि आपण पाणी म्हणून जे ओळखतो ते मुळात त्या चमकेचे जागा बदलणे असते. तिसऱ्या तासाला खिडकीतले ऊन सरकल्यामुळे मागची भिंत लुकलुकू लागली आणि आम्हाला सारे काळे पडदे लावून पुन्हा करावे लागले. शेवटी जे साडेचार सेकंदांचे पाणी मिळाले त्यात कागद स्पष्ट दिसत होता, आणि तरीही खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी ‘आलं, पाणी आलं’ असे म्हटले.

निवडीचा माझा दुसरा निकष यातून तयार झाला, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक कठोर आहे. युक्ती उघडी पडल्यानंतरही विश्वास टिकतो का? बालनाट्यात दोन मुले निळ्या कापडाची दोन टोके धरून हलवतात आणि प्रेक्षागृहातली मुले नदीत भिजायला तयार होतात. तिथे फसवणूक नसते. तिथे करार असतो. कापड हलवणाऱ्याने नदी म्हणायचे आणि पाहणाऱ्यानेही नदी म्हणायचे. ‘द सायन्स ऑफ स्लीप’ मला सर्वांत जवळचा वाटतो तो यासाठी की हा करारच त्याचा विषय आहे. स्टेफान आणि स्टेफनी यांचे प्रेम म्हणजे दोघांनी मिळून कागदाला पाणी म्हणणे होय, आणि चित्रपटातले सारे दुःख यातून येते की तिने हा खेळ थांबवला आहे हे त्याला कळत नाही.

तो तिला एक यंत्र देतो, ज्याने काळात एक सेकंद मागे किंवा पुढे जाता येते. या करामतीचा खर्च जवळजवळ शून्य आहे, कारण ती संकलनातली एक साधी उडी आहे. पण त्या उडीत दोघे सामील असतात आणि म्हणून ती जादू ठरते. याउलट, तो तिच्या गैरहजेरीत तिच्या घरात शिरतो आणि तिचा कापडी घोडा पळवतो, जेणेकरून त्याच्या पोटात यंत्र बसवून त्याला दौडवता यावे. भेट सुंदर आहे, पण दार तिने उघडलेले नाही. अनेकांना इथे नायकाचा राग येतो, आणि तो यायलाच हवा. काही समीक्षक म्हणतात की दिग्दर्शक त्याचे बालिश वागणे गोंडस करून दाखवतो. मला ते पटत नाही. स्टेफनीचा चेहरा पाहावा. गेन्सबूर यांनी त्या प्रसंगात जी दचक आणि जो थकवा दाखवला आहे, तो कॅमेऱ्याने अजिबात झाकलेला नाही. एकट्याने चालवलेल्या खेळाला हा चित्रपट खेळ म्हणत नाही.

आपण पाहिलेले दोन चित्रपट कोणते ते लिहिलेले नाही, परंतु त्यांत ‘मूड इंडिगो’ असावा असा माझा अंदाज आहे, कारण त्याच्याबद्दल ‘विस्कळीत’ हा शब्द मी वारंवार ऐकला आहे. बोरिस व्हियाँ यांच्या १९४७ च्या फ्रेंच कादंबरीवरचा हा २०१३ चा चित्रपट आहे. दाराची घंटा किड्यासारखी भिंतीवर पळते, पियानो वाजवला की पेय तयार होते, नाचताना पाय लांब होतात. पहिल्या अर्ध्या तासात डोळ्यांना श्वास घ्यायला जागा नाही, आणि माझ्या पहिल्या निकषावर त्यांतल्या निम्म्या करामती गळून पडतात. मात्र नायिका क्लोईच्या फुप्फुसात वॉटर लिलीचे फूल उगवल्यानंतरचा भाग मी नेपथ्याच्या विद्यार्थ्यांना आवर्जून पाहायला सांगतो. घर आक्रसत जाते, खिडक्यांवर काजळी चढते, चित्रातला रंग हळूहळू ओसरतो आणि शेवटी सारे कृष्णधवल होते. आजारपण घरात कसे शिरते हे भिंतींकडून इतके नेमके वदवून घेतलेले मी क्वचितच पाहिले आहे. फ्रान्सबाहेर या चित्रपटाची अर्ध्या तासाहून अधिक छाटलेली आवृत्ती फिरली. आपण तीच पाहिली असल्यास मूळ लांबीची मिळवून पाहावी, कारण ही उतरण जाणवायला वेळ लागतो.

दुसरा चित्रपट २००८ चा ‘बी काइंड रिवाइंड’ असेल तर त्याला विस्कळीत म्हणणे बरोबर आहे, पण त्याबद्दल त्याला दूर सारू नये. न्यू जर्सीतल्या पसेइक गावात व्हिडिओ कॅसेटचे एक जुने दुकान आहे. कॅसेट पुसल्या जातात, म्हणून दोन मित्र गावकऱ्यांना घेऊन गाजलेले चित्रपट पुठ्ठा आणि दोऱ्या वापरून पुन्हा बनवतात. अखेरीस दुकानाच्या काचेवर पांढरी चादर लावून गावाने बनवलेला चित्रपट दाखवतात, आणि आत बसलेल्यांना नंतर कळते की रस्त्यावर जमलेली गर्दीही बाहेरून तोच पाहते आहे. कथा मध्येच रेंगाळते, विनोद काही ठिकाणी फसतो. परंतु तो कागदी करार इथे दोघांपुरता न राहता साऱ्या वस्तीचा होतो. गोंद्री यांनी पुढे याच कल्पनेची कार्यशाळा केली, ज्यात अनोळखी माणसांचे गट काही तासांत स्वतःचा चित्रपट बनवतात. २०११ मध्ये ती पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्रात भरली होती. दुसरा निकष हाच एकमेव असता तर मी कदाचित हा चित्रपट निवडला असता. पहिल्या निकषावर तो उणा पडतो.

२०११ चा ‘द ग्रीन हॉर्नेट’ मोठ्या स्टुडिओचा चित्रपट आहे आणि त्यात गोंद्री फार थोडे दिसतात. तो शेवटी पाहिला तरी चालेल.

‘द सायन्स ऑफ स्लीप’ पाहताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, तो एकाच भाषेत डब केलेला पाहू नये. तीन भाषांमधले अडखळणे हाच त्या दोघांमधला अडसर आहे, आणि एकाच सफाईदार भाषेत ऐकला तर स्टेफान निव्वळ विक्षिप्त वाटू लागतो. दुसरी, तो रात्री उशिरा, थकलेले असताना पाहू नये. त्याचा वेग झोपेचा आहे आणि तो आपल्याला सोबत घेऊन जाईल. नळाचा प्रसंग आला की तो एकदा तसाच पाहावा, मग मागे नेऊन चौकटी-चौकटीने पाहावा. कागदाच्या घड्या दिसतील, दिव्याची तिरीप एका घडीवरून दुसरीवर उडी मारताना दिसेल. त्यानंतर तो प्रसंग तिसऱ्यांदा नेहमीच्या वेगाने लावावा आणि तोटीतून जे येते त्याला आपले मन काय म्हणते ते मला अवश्य कळवावे.